आजीबाईंची खुर्ची

रोज सकाळी सात वाजता माझी संध्याकाळ व्हायची. पुढ्यात तर्री-पोह्याची प्लेट, खाली प्रताप नगरच्या रस्त्यावर शाळेच्या बसांचे हॉर्न, आणि डोळ्यांसमोर मात्र डोंगरामागे उतरणारं ऊन. ते डोंगर अमेरिकेच्या पश्चिम भागात, एका लहानशा गावाच्या कडेला आहेत. मी तिथे कधी गेले नाही आणि आता जाणारही नाही. पण त्या गावच्या मैदानावर ऊन किती वेळ पांढरं राहतं आणि कधी हळदीसारखं होतं, हे मला माझ्या अंगणापेक्षा जास्त ठाऊक आहे. सहा उन्हाळे मी त्या गावात नोकरी केली. बसले होते नागपुरातच, पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, कूलरच्या ओल्या खसचा वास घेत.

मूळची मी पी.टी.ची बाई. लकडगंजकडच्या मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं शिट्टी वाजवली आणि सॉफ्टबॉल शिकवला. निवृत्तीनंतर चार महिने घरात बसून मी भांड्यांचा आवाज जरा जास्तच करायला लागले होते. तेव्हा मेश्राम साहेबांचा फोन आला. ते पूर्वी शालेय स्पर्धांत पंच म्हणून यायचे, आता एका छोट्या कंपनीचं काम बघत होते.

"मॅडम, बॉल पाहाचं काम हाय," ते म्हणाले. "पोरं कॉम्प्युटर जानतात, पन त्याइले बॉल दिसत नाई. तुमच्यावानी नजर पायजे."

काम कुणाचं, तर अमेरिकेतल्या एका मोठ्या बेसबॉल क्लबचं. तिकडची पद्धत अशी. वर एक मोठा क्लब, टीव्हीवर दिसणारा. त्याच्या हाताखाली लहान लहान गावांत पाच-सहा क्लब, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. पोरं सगळ्यात खालच्या पायरीवर भरती होतात. बरं खेळलं तर वर, वाईट खेळलं तर खाली, आणि फारच झालं तर घरी. या सगळ्याला ते लोक फार्म म्हणतात. मी घरी हे सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "किती एकर हाय वं?" पण माझं माहेर धानाच्या मुलखातलं, मला ते चटकन कळलं. आधी एका कोपऱ्यात दाट पऱ्हे टाकायचे आणि त्यातले निवडून मोठ्या बांधीत लावायचे. उरलेल्यांचं काय होतं, ते कुणी विचारत नाही.

एक गोष्ट समजायला मात्र मला वेळ लागला. गावातला क्लब गावाचा असतो, मैदान गावाचं असतं, टाळ्या गावाच्या असतात, पण खेळाडू वरच्या क्लबाचे असतात. सामना रंगात आलेला असताना फोन येतो आणि गावाचा लाडका खेळाडू बॅग उचलून निघून जातो. गावाला आवडलेला एकही पोरगा गावाचा नसतो. तरी लोक रोज संध्याकाळी येऊन बसतात, याचं मला आधी हसू यायचं आणि नंतर गहिवरून यायचं.

आमचं काम साधं होतं. मैदानाच्या मागच्या कुंपणापाशी एक मचाण, त्यावर एकच कॅमेरा. त्यातून पाठमोरा पिचर दिसतो, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्यासमोर बॅटवाला, त्याच्यामागे चेंडू झेलायला उकिडवा बसलेला कॅचर आणि कॅचरच्या मागे प्रेक्षकांच्या पहिल्या काही रांगा. जमिनीवर पांढऱ्या रबराची प्लेट असते. तिच्या वर, गुडघ्यापासून छातीपर्यंत, हवेत एक चौकोन आहे असं मानायचं. त्यातून गेलेला चेंडू पिचरच्या फायद्याचा, बाहेरून गेलेला वाया. चेंडू त्या चौकोनातून गेला की बाहेरून, कुठल्या कोपऱ्यातून, किती अंतराने, ते प्रत्येक फेकीला पडद्यावर टिपायचं. एका सामन्यात तीनशेच्या आसपास फेकी असतात. मोठ्या मैदानांवर हे काम यंत्रं करायची, पण आमच्या गावापर्यंत ती पोचली नव्हती.

खेळाडूंची नावं आम्हाला कळू द्यायची नाहीत, असा नियम होता. शर्टावरचा आकडा तेवढा दिसायचा. माया लागू नये म्हणून. माया काय आकड्याला लागत नाही? माझ्या बाजूच्या टेबलवर वर्षा बसायची, उमरेडची, दोन पोरांची आई. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, हा कॅचर नेलपॉलिश लावून राहिला जी!" खरंच, त्याच्या नखांवर पांढरा रंग होता. कॅचर बोटांनी खुणा करतो, त्या पिचरला संधिप्रकाशात दिसाव्यात म्हणून. त्या दिवसापासून तो आमचा नेलपॉलिशवाला झाला. मग बाकीच्यांनाही नावं पडली.

आणि कॅचरच्या डोक्याच्या बरोबर वर, दुसऱ्या रांगेत, आजीबाई. पांढरे आखूड केस, खाली निळी उशी, शेजारी थर्मास. सामना कसाही असो, त्या शेवटच्या फेकीपर्यंत बसून असायच्या. थर्मासच्या झाकणात काहीतरी ओतून घोट घोट प्यायच्या. आम्ही त्यांना बघून आमचा चहा मागवायचो. छपराच्या हिरव्या खांबांमधून तिरकं ऊन यायचं, त्यात धुळीचे कण तरंगायचे, पिचर हात वर करायचा आणि क्षणभर सगळं गाव श्वास रोखून धरायचं. मीही रोखायचे. नागपूरचा रस्ता, गॅसवाल्याची घंटी, पाठीचं दुखणं, सगळं कुठेतरी लांब जायचं. कधी कधी वाटायचं, मी त्या आजीबाईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते आहे.

त्या गावात माझा एक लाडका होता. बासष्ट नंबर. उंच, किंचित पोक काढून चालणारा. मैदानात पिचरसाठी मातीचा छोटा उंचवटा केलेला असतो. त्यावर चढण्याआधी तो वाकायचा, दोन बोटं मातीला लावायचा आणि ती टोपीला टेकवायचा. आपल्याकडे पैलवान आखाड्यात उतरताना करतो तसं. त्याचं नाव आम्ही मातीवाला ठेवलं. त्याचा वळणारा चेंडू चौकोनाच्या डाव्या कडेला जायचा. दुसरा एक होता अडतीस नंबर, डावखुरा, कायम तोंड पाडलेला, चेंडू अगदी अचूक पडला तरी न हसणारा. त्याचा चेंडू उजव्या कडेला वळायचा. मला तो फारसा आवडायचा नाही. कारण काही नाही, नुसता आवडायचा नाही.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी तिकडच्या साहेबांचा निरोप आला. या दोघांच्या शेवटच्या महिन्यातल्या फेकी जास्त काळजीने टिपा. मेश्राम साहेबांनी दार लावून सांगितलं, "दोघायची तिसरी साल हाय याच पायरीवर. एकालेच ठेवनार हायेत. दुसरा घरी."  मी मनात मातीवाल्यासाठी जोगवा मागायला सुरुवात केली.

त्याच महिन्याच्या पहिल्या सामन्यात मी वर्षाला म्हटलं, "अगं, आजीबाईंनी जागा बदलली."

खरंच बदलली होती. रोज कॅचरच्या डोक्यावर असायच्या, त्या आता उजवीकडे सरकून बसल्या होत्या. आम्हाला दिवसभर पुरेल एवढा विषय मिळाला. वर्षाचं म्हणणं, शेजारणीशी वाजलं असेल. माझं म्हणणं, ऊन डोळ्यांवर येत असेल. "काहून बदलली असन जी इतक्या सालाची जागा?" वर्षा रोज विचारायची आणि आम्ही रोज नवी गोष्ट रचायचो. मधल्या काळात डावखुऱ्याचे चेंडू बाहेर जायला लागले. तिकडचा पंच ते चौकोनात धरायचा, पण खालच्या पायरीवर पंचही शिकाऊच असतात. आम्ही प्रताप नगरात बसून त्याला आंधळा ठरवला. मातीवाल्याचा हात मात्र असा बसला होता की डावी कड सुटतच नव्हती. मी खूश होते. खोटं कशाला सांगू, दर फेकीला खूश होते.

हंगाम संपायला आठवडा उरला. त्या दिवशी गावाने छपराच्या खांबांना रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, निरोपाच्या सामन्यांसाठी. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा एक खांब बरोबर कॅचरच्या डोक्यावर उभा होता. मी दोन फेकी टिपल्या, तिसरीला माझा हात थांबला. हा खांब इथे कसा? तो आजीबाईंच्या डावीकडे, कॅचरपासून चांगला हातभर लांब असायचा. आजीबाईंच्या डावीकडे तो अजूनही होता. म्हणजे आजीबाई सरकल्या तेव्हा खांबही त्यांच्याबरोबर सरकला होता.

आजीबाई जागा बदलू शकतात. खांब कसा बदलेल?

सरकला होता तो कॅमेरा. कुंपणावर नवीन जाहिरात लावताना तिकडच्या लोकांनी मचाण थोडं उजवीकडे हलवलं होतं, हे नंतर कळलं. स्कूटरवर मागे बसून पुढच्या वेगाच्या काट्याकडे बघा. चालवणाऱ्याला चाळीस दिसतात, तुम्हाला पन्नास. काटा तोच, बघणारा तिरका. तसंच झालं होतं. महिनाभर आम्हाला प्रत्येक चेंडू होता त्यापेक्षा उजवीकडे दिसत होता. डावखुऱ्याचे उजव्या कडेवरचे चांगले चेंडू आम्ही बाहेर ढकलले होते आणि मातीवाल्याचे डावीकडून बाहेर गेलेले चेंडू ओढून आत घेतले होते. पंच आंधळा नव्हता.

आणि यात तिकडच्यांपेक्षा माझी चूक मोठी होती. सामना सुरू होण्याआधी एक नमुना फोटो उघडायचा, समोरचं चित्र त्याच्याशी जुळतं का बघायचं आणि जुळलं तर खूण करायची, हा नियम होता. आमच्या टेबलवर ती खूण माझी असायची. मी ती रोज करत होते. फोटो मात्र महिनाभर उघडला नव्हता. त्या गावाला मी इतकी ओळखत होते की फोटो बघायची मला गरजच वाटली नाही. सव्वीस वर्षं मुलींना सांगत आले, नजर चेंडूवर ठेवा, आणि माझी नजर थर्मासवर होती.

वर्षाला खांब दाखवला. तिला कळायला दोन मिनिटं लागली. मग तिने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, कोनाले समजते? आठ दिवसानं यादी लागन. आन तुमचा मातीवाला..."

  त्या दिवशी मी कुणाला काही न सांगता घरी गेले. हे लिहायला लाज वाटते, पण गेले. दुपारभर पडून राहिले. जिल्ह्याच्या संघाची यादी मी शाळेच्या फळ्यावर लावायचे तेव्हा मुली ती खालून वर वाचायच्या, ते आठवत होतं. नाव सापडलं नाही की एखादी पुन्हा खालून सुरू करायची. डावखुराही तसाच वाचेल. हसत नाही म्हणून त्याची यादी मी चुकवायची?

दुसऱ्या दिवशी पोहे न खाताच मेश्राम साहेबांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला.

"फोटो नाई पाह्यला तुमी?"

"नाही पाहिला."

"किती सामने?"

"त्या मैदानावरचे नऊ."

"मॅडम, हे तिकडं सांगतलं तर काम जाऊ शकते. सगळ्यायचं. आन खून तुमची हाय, नाव तुमचंच येईन."

"माझंच आहे, साहेब."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग फोन उचलला आणि माझ्यासमोरच लावला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात त्या दिवसापासून जो आदर बसला, तो आजही आहे.  मला वाटलं, तिकडचे साहेब आता ओरडतील. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कळलं कसं? मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं की दुसऱ्या रांगेतल्या बाई जागेवर दिसल्या नाहीत. पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. साहेब त्याच गावात वाढलेले निघाले. ते म्हणाले, "त्या बाई मी शाळेत होतो तेव्हापासून त्याच खुर्चीत बसतात. त्या कधीच जागा बदलत नाहीत. मला विचारलं असतं तरी चाललं असतं." मग आवाज बदलला. "तीन दिवसांत नऊ सामने पुन्हा टिपून द्या."

वर्षा म्हणाली, मी करते. मी दिले नाहीत. जुन्या फोटोवरून आजीबाई आणि खांब यांच्या जागा मोजल्या, नव्या चित्रात किती फरक आहे ते काढलं आणि त्या मापाने एकेक फेक पुन्हा बसवली. डावखुऱ्याच्या फेकी भराभर आत येत गेल्या. इतका सुरेख वळणारा चेंडू मी महिनाभर बाहेर टाकत होते, याची शरम वाटली. मग मातीवाल्याच्या. तो वाकायचा, मातीला बोटं लावायचा, टोपीला टेकवायचा, फेकायचा, आणि मी लिहायचे, बाहेर. पुन्हा वाकायचा. बाहेर. बाहेर. त्याला काय माहीत, डोंगरामागे ऊन उतरत असताना दुसऱ्या खंडात बसलेली एक बाई त्याला एकेका टिचकीने मैदानाबाहेर काढते आहे. तिसऱ्या दिवशी मला डोळे पुसण्यासाठी चित्र थांबवावं लागलं. वर्षाने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

आमचं काम गेलं नाही. फोटो दोघींनी बघायचा, असा नवा नियम तेवढा आला. हंगाम संपला आणि खेळाडूंच्या तक्त्यातून बासष्ट नंबर गेला. पुढच्या उन्हाळ्यात तो आकडा एका बुटक्या, गुबगुबीत पोराच्या पाठीवर दिसला आणि मला त्या पोराचा उगीचच राग आला. डावखुरा वरच्या पायरीवर गेला, माझ्या पडद्याच्या बाहेर. त्यानंतरही तो हसला की नाही, ते कळायला मार्ग नाही. मी बरोबर केलं, याबद्दल मला शंका नाही. पण बरोबर केल्यावर माणसाला हलकं वाटतं असं म्हणतात, तसं मला काही वाटलं नाही.

सहाव्या उन्हाळ्यात त्या गावातही यंत्रं आली. छपरावर काळ्या डब्यांसारखी काहीतरी बसवली, ती चेंडू आपोआप मोजणार होती. आमच्या टेबलांना दुसरी कामं मिळाली. वर्षा आता बँकेचे कागद तपासते. मी म्हटलं, माझं पुरे झालं. मेश्राम साहेबांनी शेवटच्या दिवशी सगळ्यांना संत्रा बर्फी आणली आणि मला त्या गावचा शेवटचा सामना दिला.

सकाळचे आठ वाजले होते, म्हणजे तिकडे ऊन हळदीचं झालं होतं. फोटो उघडला, वर्षाला दाखवला, दोघींनी खूण केली. आजीबाई कॅचरच्या डोक्यावर, निळी उशी, थर्मास. पाचवा डाव संपला की तिकडे दोन मिनिटं खेळ थांबतो. मैदान सांभाळणारे लोक दाताळं घेऊन येतात, पिचरच्या पायांनी उंचवट्यात पडलेले खड्डे बुजवतात आणि माती सारखी करतात. त्या वेळात टिपायला काही नसतं. आम्ही चहा प्यायचो.

मी कप तोंडाला लावला आणि पडद्यावर एक उंच माणूस दाताळं घेऊन आला. किंचित पोक काढून. उंचवट्यावर पाय ठेवण्याआधी तो वाकला. दोन बोटं मातीला लावली, टोपीला टेकवली.

मी कप खाली ठेवला. वर्षा म्हणाली, "मॅडम! मॅडम, हा तं..."

"हो," मी म्हटलं.

त्याने खड्डे भरले. पायाने दाबले. आपल्याच हाताची रांगोळी बघावी तसा मागे सरून एकदा बघितलं. पाठीवर आकडा नव्हता. नुसतं गावाचं नाव होतं, मोठ्या अक्षरांत. मग तो दाताळं खांद्यावर टाकून प्लेटवरून पुढे, प्रेक्षकांसमोरच्या जाळीच्या कडेकडे चालत गेला. आणि तेवढ्यात मला आजीबाई कॅचरच्या डोक्यावरून सरकलेल्या दिसल्या.

मी आधी खांबाकडे बघितलं. खांब जागेवर होता.

आजीबाई खरंच उठल्या होत्या. रांगेच्या टोकापर्यंत चालत गेल्या, थर्मासचं झाकण भरलं आणि जाळीच्या कडेने त्याच्या हातात दिलं.